कॅराव्हॅनची स्टेपनी कुठे ठेवायची?

नोव्हेंबर संपत आला, मुलांच्या शाळा सुटायला तीनच आठवडे राहिले आणि आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच विषय सुरू झाला आहे: यंदा कॅराव्हॅन घेऊन कुठे जायचं? कोणी कोरोमंडल म्हणतंय, कोणी बे ऑफ आयलंड्स, आणि एका उत्साही कुटुंबाने तर फेरीची तिकिटं काढून थेट साउथ आयलंड गाठायचं ठरवलं आहे. ज्यांचा हा भाग रेडिओवर हुकला त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे इथे लिहून ठेवतो आहे. ऐकायला वीस मिनिटं लागतात, वाचायला त्याहून कमी.

मागच्या भागात गॅसच्या बाटल्यांबद्दल बोललो होतो. त्यावर एका ताईंचा निरोप आला. त्यांनी नुकतीच एक जुनी, छोटी, एका ॲक्सलची कॅराव्हॅन घेतली आहे. त्या लिहितात, 'कॅराव्हॅनबरोबर स्टेपनी मिळाली, पण ती लावायला कुठेच जागा दिसत नाही. मागच्या बंपरला लावावी असं हे म्हणतात, मुलगा म्हणतो पुढे लाव. तोवर ती गराजमध्ये पडून आहे. तुम्ही कुठे ठेवता?'

ताई, उत्तर एका ओळीत देता येईल, पण ते मला शिकायला दोन प्रवास लागले. त्यातला पहिला आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीचा जानेवारी. आईबाबा कराडजवळच्या आमच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आले होते. ट्रेड मी वर घेतलेली आमची पहिली कॅराव्हॅन जोडून ऑकलंडहून वेलिंग्टनला निघालो. तौपो झालं, तुरांगी झालं, आणि आम्ही डेझर्ट रोडला लागलो. ज्यांनी हा रस्ता केला असेल त्यांना माहीत आहे की तिथे उजव्या हाताला ज्वालामुखींची रांग दिसते आणि मैलोन्मैल वस्ती नाही. स्टेट हायवे एकचा सगळ्यात उंच भाग तो हाच, हजार मीटरच्या वर. तिथे मागून 'फट्' असा आवाज आला, कॅराव्हॅनने एक हिसका दिला आणि आरशात रबराचे तुकडे उडताना दिसले. उजवं चाक फुटलं होतं. उजवं म्हणजे वाहत्या रस्त्याच्या बाजूचं.

गाडी कडेला घेतली. सौ.ने आईबाबांना आणि मुलांना डाव्या दारातून उतरवून गवतात लांब नेऊन बसवलं. मी म्हटलं, काळजी नको, स्टेपनी आहे आपल्याकडे. विकणाऱ्याने दाखवली होती: कॅराव्हॅनच्या पोटाखाली, ॲक्सलच्या मागे, एका लोखंडी चौकटीत झोपवलेली. मी वाकून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की चाक बसल्यामुळे कॅराव्हॅन त्या बाजूला चांगली वीतभर खाली आली आहे, आणि स्टेपनी आता चौकट आणि जमीन यांच्यामध्ये अडकली आहे. ती काढायची तर आधी कॅराव्हॅन उचलायला हवी. उचलायची तर जॅक हवा. जॅक होता तो कारचा. तो कॅराव्हॅनच्या चौकटीखाली नीट बसेना. आणि चौकटीचा नट इतका गंजला होता की त्याला पाना लागेना. तो फिरवायला मला रस्त्याच्या बाजूने पोटावर झोपून आत हात घालावा लागत होता, आणि माझ्या पायांपासून हातभर अंतरावरून दुधाचे टँकर जात होते.

प्रत्येक टँकर गेला की कॅराव्हॅन हलायची. तिसऱ्या टँकरनंतर बाबा गवतातून उठून आले आणि म्हणाले, 'ऊठ आधी. चाक गेलं खड्ड्यात.'

पुढचं थोडक्यात. अर्ध्या तासाने एक शेतकरी त्याच्या यूटमधून आला, त्याच्याकडे मोठा ट्रॉली जॅक होता. त्याने आपली यूट दिवे लावून मागे उभी केली, कॅराव्हॅन उचलली, नट कापून काढला. स्टेपनी बाहेर आली तेव्हा तिच्या कडेला बारीक भेगांचं जाळं होतं आणि शिक्का होता २३०४, म्हणजे २००४ सालचा तेविसावा आठवडा. त्या भल्या माणसाने हवा भरून दिली आणि आम्ही जीव मुठीत धरून वायउरूपर्यंत पन्नासच्या वेगाने गेलो. दुसऱ्या दिवशी ताइहापेला नवीन टायर घेतले. तिन्ही.

तर पहिला धडा असा की स्टेपनी 'आहे' याला अर्थ नाही. ती चाक फुटलेल्या अवस्थेत, कॅराव्हॅन एका बाजूला बसलेली असताना, रस्त्यात न झोपता हाताला लागते का, हा प्रश्न आहे. जागा निवडताना डोळ्यांसमोर अंगण आणू नका, डेझर्ट रोड आणा.

आता दुसरा प्रवास, कारण पहिल्यावरून मी जो निष्कर्ष काढला तो अर्धवट निघाला.

घरी आल्यावर मी पेटून उठलो होतो. पोटाखालची चौकट काढून टाकली आणि नवी स्टेपनी मागच्या बंपरला उभी लावली. हाताला लागते, वाकावं लागत नाही, रस्त्यात उभं राहावं लागत नाही. दिसायलाही छान, जुन्या बजाज चेतकसारखी. (चेतकच्या मागे बांधलेली स्टेपनी आठवते ना? आणि ती स्कूटर तिरकी करून मारलेली किक?) तिच्याच शेजारी मुलांच्या दोन सायकलींचा स्टँडही लावला. तीन आठवड्यांनी आम्ही हॅमिल्टनकडे निघालो. बॉम्बे हिल्सचा उतार लागला. या नावाची आपल्या मंडळींना फार गंमत वाटते, पण ते आपल्या मुंबईवरून थेट आलेलं नाही. बॉम्बे नावाच्या जहाजातून आलेल्या वसाहतवाल्यांनी ते दिलं. तर त्या उतारावर एक ट्रक शेजारून गेला आणि कॅराव्हॅन शेपूट हलवायला लागली. आधी थोडी, मग जास्त. कारचं स्टिअरिंग हलकं पडल्यासारखं झालं.

नशिबाने मी ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि वेग उतरल्यावर ती थांबली. मागच्या सीटवरून बाबांनी एकच वाक्य टाकलं: 'गाडी उलाळ भरलीयेस तू.'

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी गावाकडे बैलगाडी बघितली असेल त्यांना हा शब्द कळेल. बैलगाडीत कडबा किंवा पोती मागे जास्त झाली की गाडी मागे कलते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं आणि गळ्याखालचा पट्टा त्यांना आवळतो. ती गाडी उलाळ. उलट सगळं वजन पुढे आलं तर जू मानेवर रुततं. चांगला गाडीवान वजन असं बसवतो की जू मानेवर टेकलेलं राहील, पण मान वाकणार नाही. एका ॲक्सलची कॅराव्हॅन म्हणजे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बैलगाडीच आहे. बैलांच्या जागी कार, जुवाच्या जागी टो बारचा गोळा.

त्या गोळ्यावर खाली पडणाऱ्या वजनाला इथे बॉल वेट म्हणतात. न्यूझीलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात सर्वसाधारण नियम सांगतात तो असा की ते भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं. ब्रिटनमधून आलेल्या स्विफ्ट, बेली अशा कॅराव्हॅन थोड्या कमी बॉल वेटच्या हिशेबाने बांधलेल्या असतात, त्यांच्यासाठी पाच ते सात टक्के हा आकडा ऐकायला मिळतो. तेव्हा तुमच्या कॅराव्हॅनचं पुस्तक बघा. शिवाय कारच्या टो बारवर आणि कॅराव्हॅनच्या कपलिंगवर कमाल बॉल वेट लिहिलेलं असतं. दोन्हींत जो आकडा लहान तो तुमचा.

बॉल वेट फार कमी झालं तर कारची मागची चाकं हलकी होतात आणि कॅराव्हॅन झोकांड्या द्यायला लागते. फार जास्त झालं तर कार मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात, रात्री हेडलाइट आकाशात. दोन्ही वाईट, पण पहिलं जास्त वाईट.

आता स्टेपनीचं वजन किती? लोखंडी रिमसकट चौदा इंची चाक साधारण वीस किलो धरा. वीस किलोने काय बिघडणार, असं मलाही वाटलं होतं. हिशेब करून बघा. समजा ॲक्सलपासून टो बारचा गोळा चार मीटर पुढे आहे आणि मागचा बंपर अडीच मीटर मागे. बंपरवर वीस किलो टांगले की गोळ्यावरचं वजन वीस गुणिले अडीच भागिले चार, म्हणजे साडेबारा किलोने कमी होतं. तेच चाक पुढे ड्रॉबारवर, ॲक्सलच्या तीन मीटर पुढे बांधलं तर पंधरा किलोने वाढतं. म्हणजे एकच चाक मागून पुढे नेलं तर साडेसत्तावीस किलोंचा फरक. अकराशे किलोंच्या कॅराव्हॅनला हवं असतं एकशे दहा. त्यात साडेसत्तावीस म्हणजे पाव हिस्सा.

आणि हे फक्त खालीवरचं झालं. आडवं हलण्याचा हिशेब आणखी कडक आहे. हातात मुसळ घ्या, मधोमध धरा आणि डावीउजवीकडे फिरवा. आता त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पाण्याची बाटली बांधा आणि पुन्हा फिरवा. फिरवायला जड जातं, आणि एकदा फिरायला लागलं की थांबवायलाही जड जातं. त्याच बाटल्या मुठीजवळ बांधल्या तर फरक कळतसुद्धा नाही. ॲक्सलपासूनचं अंतर दुप्पट झालं की हा परिणाम चौपट होतो. म्हणून कॅराव्हॅनच्या शेपटाला टांगलेलं चाक दोनदा नडतं: गोळ्यावरचं वजन काढून घेतं, आणि एकदा डुलायला लागली की थांबू देत नाही.

त्या संध्याकाळी मी न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर आणला. सपाट जागेवर, चाकांना अडसर लावून, कपलिंगखाली लाकडाचा ठोकळा उभा केला आणि तो काट्यावर टेकवला, कपलिंग कारला जोडल्यावर असते तेवढ्याच उंचीवर. काटा म्हणाला बासष्ट. भरलेली कॅराव्हॅन होती साडेअकराशेची. म्हणजे साडेपाच टक्क्यांहूनही कमी. स्टेपनी पुढे नेली, सायकली कारच्या छपरावर घेतल्या, पुन्हा मोजलं. एकशे नऊ. बाबा काही बोलले नाहीत, फक्त चहा मागितला.

(तुमचा काटा एवढं वजन घेत नसेल तर एक युक्ती. एक जाड फळी घ्या, तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि कपलिंगचा ठोकळा फळीच्या बरोबर मध्यावर टेकवा. काटा निम्मं वजन दाखवेल.)

आता जागांकडे येऊ.

ड्रॉबार, म्हणजे पुढचा त्रिकोणी दांडा, ही बहुतेक छोट्या कॅराव्हॅनसाठी माझ्या मते पहिली विचारात घ्यायची जागा. चाक फुटलं तरी इथली स्टेपनी अडकत नाही, आणि उभ्या उभ्या कडेच्या बाजूने काढता येते. पण तीन गोष्टी बघा. गॅसच्या बाटल्या तिथेच असतात; त्यांची झडप बंद करायला हात गेला पाहिजे आणि बाटली बदलताना स्टेपनी सोडावी लागता कामा नये. दुसरं, जॉकी व्हीलचं हँडल पूर्ण फिरलं पाहिजे. तिसरं आणि सगळ्यात विसरलं जाणारं: रिव्हर्स घेताना कार आणि कॅराव्हॅनमधला कोन आवळला की स्टेपनी कारच्या बंपरला लागते का? मागचं दार उघडताना तिच्यावर आपटतं का? रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, शेजारी कोणाला तरी उभं करून. आमच्या एका मित्राच्या कारच्या मागच्या दाराला टायरच्या नक्षीचा गोल ठसा आहे.

मागचा बंपर. सोय उत्तम, तोल वाईट, हे झालंच. शिवाय कित्येक कॅराव्हॅनचा मागचा बंपर हा नुसता पत्रा असतो, शोभेचा. खड्ड्यांवरून वीस किलो वरखाली आदळत राहिले की पत्रा फाटतो. लावायचीच असेल तर ब्रॅकेट मुख्य चासीच्या दांड्यांना धरून हवा, आणि नंबर प्लेट, दिवे, रिफ्लेक्टर यातलं काहीही झाकलं जाता कामा नये. काही मोठ्या, दोन ॲक्सलच्या, जेकोसारख्या ऑस्ट्रेलियन कॅराव्हॅनना कारखान्यातूनच मागे स्टेपनी असते. त्यांचा तोल तिला धरूनच काढलेला असतो, त्यांनी घाबरायचं कारण नाही. मात्र तिच्या शेजारी आपण आणखी काय काय टांगतो, ते आपल्या हिशेबात येतं.

पोटाखाली. माझा अनुभव ऐकून तुम्हाला वाटेल की मी या जागेच्या विरोधात आहे. तसं नाही. तोलाच्या दृष्टीने ही सगळ्यात सुरेख जागा: वजन खाली आणि ॲक्सलजवळ, डुलण्यावर जवळजवळ परिणाम नाही. ब्रिटिश कॅराव्हॅनमध्ये अल-को कंपनीची चौकट असते, ती बाजूने बाहेर सरकते, आणि चांगली चालते. पण ती वर्षातून दोनदा बाहेर काढून, धुऊन, ग्रीस लावून पुन्हा बसवली तर. आपण इथे समुद्रकाठी राहतो, समुद्रकाठी तळ टाकतो, आणि खारं पाणी लोखंडाला काय करतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ज्यांची स्टेपनी पोटाखाली आहे त्यांनी सोबत छोटा बॉटल जॅक आणि एक फळी ठेवलीच पाहिजे, नाहीतर अडकलेली स्टेपनी आणि आपण. आणि नवीन चौकट बसवायची झाली तर एक इशारा: अल-कोची चासी पातळ, जस्त चढवलेल्या पत्र्याची असते. तिला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका, असं कंपनी स्वतः सांगते. क्लॅम्पने धरणारी चौकटच घ्या.

आत, पुढच्या कपाटात किंवा पलंगाखाली. चोरीची भीती नाही, ऊन नाही, मीठ नाही. पण जागा जाते, आणि हिसका बसला की वीस किलोंचा गोळा आत फिरतो, म्हणून पट्ट्याने बांधा.

आणि शेवटची, लोकांना सुचतच नाही ती जागा: कारची डिकी. कॅराव्हॅनच्या तोलाला हातच लागत नाही, स्टेपनी कोरडी राहते. भरलेल्या कारच्या वजनमर्यादेत बसलं पाहिजे एवढंच, आणि सामानाच्या सगळ्यात खाली ठेवू नका. नाहीतर पावसात हायवेच्या कडेला चार बॅगा, एक तंबू आणि चकलीचे डबे उतरवावे लागतील.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो. कारची स्टेपनी कॅराव्हॅनला चालेल असं पुष्कळांना वाटतं. बहुधा चालत नाही. नटांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर वेगळं असतं. इथल्या जुन्या कॅराव्हॅनना बरेचदा त्या काळच्या फोर्ड किंवा होल्डनच्या मापाची चाकं असतात. ब्रिटिश कॅराव्हॅनना तर नटाऐवजी बोल्ट असतात. शिवाय आजकालच्या कित्येक नव्या कारमध्ये स्टेपनी नसतेच, चिकट द्रव भरायची बाटली असते. बारीक खिळ्याच्या भोकाला ती ठीक. फुटलेल्या टायरला तिचा काही उपयोग नाही.

आणि टायर म्हणजे नुसतं माप नव्हे. कडेला मापाच्या शेजारी एक आकडा असतो, भारांक. ८७ म्हणजे एक टायर ५४५ किलो पेलतो, ९१ म्हणजे ६१५, ९७ म्हणजे ७३०. आमच्या कॅराव्हॅनचं गणित: साडेअकराशेतून गोळ्यावरचे एकशे दहा वजा, उरले एक हजार चाळीस, दोन चाकांवर पाचशे वीस-पाचशे वीस. ८७ कागदावर पुरेल, पण पाण्याची टाकी आणि फ्रिज एकाच बाजूला असतात, म्हणून आम्ही ९७ घेतले. स्टेपनीही तीच. स्टेपनीला स्वस्तातला टायर घेणारे लोक मला भेटतात. ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी ती स्टेपनी नसेल, चाक असेल.

जाता जाता या शब्दाबद्दल. इथल्या मेकॅनिकला 'स्टेपनी' म्हटलं की तो आपल्याकडे बघत राहतो. इथे म्हणतात स्पेअर. पण शब्द अस्सल ब्रिटिश आहे. पहिल्या मोटारींना जास्तीचं चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर काढायचा आणि ठिगळ लावायचं. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावात थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी हवा भरलेलं, आऱ्या नसलेलं एक जादा चाक बनवलं, जे बसलेल्या चाकाच्या कडेला क्लॅम्पने जोडता यायचं. त्यांचा कारखाना होता स्टेपनी स्ट्रीटवर. चाकाला रस्त्याचं नाव पडलं. त्यांच्या देशात ते विसरलं गेलं आणि आपल्या गराजमध्ये अजून रोज उच्चारलं जातं.

परत मुद्द्यावर. वॉरंट ऑफ फिटनेसच्या तपासणीत तुमच्याकडे स्टेपनी असलीच पाहिजे अशी अट नाही. म्हणून वॉरंट मिळालं याचा अर्थ स्टेपनी ठीक आहे असा काढू नका. कॅराव्हॅनचे टायर घासून जात नाहीत, म्हातारे होतात. वर्षातले दहा महिने उन्हात उभे, आणि इथलं ऊन किती कडक ते आपल्या सगळ्यांच्या नाकांना माहीत आहे. नक्षी नव्यासारखी दिसते, आतून रबर कडक झालेलं असतं. कडेवरचे ते चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच-सात वर्षांपलीकडचा टायर आम्ही आता ठेवत नाही, मग तो एकदाही जमिनीला लागलेला नसला तरी. स्टेपनीवर कव्हर घाला. आणि हवा तपासताना तिचीही तपासा. कमी हवेचा टायर तापतो, आणि तापलेला टायर फुटतो. आमचाही तसाच फुटला असणार. निघताना मी कारची हवा बघितली होती, कॅराव्हॅनची नाही.

रस्त्यावर प्रसंग आलाच तर. टो करताना आपली कमाल मर्यादा ९० आहे, त्या वेगाला चाक फुटलं तर ब्रेकवर उभं राहू नका, हळूहळू वेग उतरवा. आणि अरुंद जागी थांबू नका. रिम खराब झाली तरी चालेल, हळूहळू पुढे जाऊन रुंद, सपाट, लांबून दिसेल अशी जागा गाठा. माझी डेझर्ट रोडवरची खरी चूक हीच होती. पुढे थोड्याच अंतरावर मोठा थांबा होता आणि मी चाक वाचवायला बघत होतो. सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून लांब न्या. कॅराव्हॅन कारला जोडलेलीच ठेवा, हँडब्रेक लावा, दुसऱ्या चाकाला अडसर द्या, नट आधी थोडे सैल करा आणि मग जॅक लावा. जॅक लावायचा तो चासी किंवा ॲक्सलवर पुस्तकात दाखवलेल्या जागी. कोपऱ्यांतले जे पाय असतात ते कॅराव्हॅन स्थिर ठेवायला, उचलायला नाहीत. चाक बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. फुटलेलं चाक रहदारीच्या बाजूचं असेल आणि जागा अरुंद असेल, तर चाक बदलूच नका. मदत बोलवा. तुमच्यामुळे रस्त्यात धोका झाला असेल तर मोबाइलवरून *५५५, जिवावरचं असेल तर १११. तुमच्या रोडसाइड सेवेत कारबरोबर कॅराव्हॅनही धरली आहे का, हे मात्र निघण्याआधी फोन करून विचारा. काहींत असते, काहींत नसते.

तर ताई, तुमच्यासाठी. 'हे' म्हणतात ती बंपरची जागा सोडून द्या, मुलगा बरोबर आहे, पण त्याला म्हणावं आधी काटा आण. कॅराव्हॅन सुट्टीला जाताना भरता तशी पूर्ण भरा आणि बॉल वेट मोजा. दहा टक्क्यांहून कमी आलं तर स्टेपनी ड्रॉबारवर, दोन बोल्ट आणि एक कुलूप लावून. आधीच दहा टक्के किंवा वर असेल तर कारच्या डिकीत. आणि कुठेही लावली तरी एकदा अंगणातच, कोणी बघत नसताना, ती काढून चाकाच्या जागी बसवून बघा, प्रवासात जो पाना आणि जो जॅक बरोबर असेल तोच वापरून. आम्ही दर डिसेंबरात करतो. पहिल्या वर्षी आम्हाला पन्नास मिनिटं लागली, कारण पाना नटाच्या मापाचा नव्हता.

ड्रॉबारचा फोटो पाठवलात तर गॅसच्या बाटल्यांसकट जागा होते का ते बघून सांगेन. पुढच्या भागात फेरीवर कॅराव्हॅन चढवताना गॅस, हँडब्रेक आणि मुलांचं खाणं यांचं काय करायचं, त्याबद्दल बोलू. साउथ आयलंडवाल्यांनी आपले प्रश्न बुधवारपर्यंत पाठवा.